एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल सॉरी. पण तुम्ही लिहिलंय की तुमच्या काजू कारखान्यातल्या कामगारांचा, ते कामावर खूश आहेत का याचा सर्व्हे करायला 18 हजार घेतले, बालवाडीसारखे हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे कागद वाटले आणि कोण काय बोललं ते सांगितलंच नाही, रिपोर्ट अर्धवट. कुडाळ-वेंगुर्ल्यात आम्हाला कामं ओळखीवरच मिळतात, त्यामुळे गप्प बसून चालणार नाही.

चेहरे ही माझ्या डोक्यातली शक्कल नाही, 1955 पासून कामावरचं समाधान मोजायला ते वापरतात. सोलाईच्या (काजू सोलणाऱ्या) बायकांना "अंशतः सहमत" वाचत बसण्यापेक्षा चेहऱ्यावर खूण करणं सोपं जातं, एवढंच.

आता नावांचं. चतुर्थीला गेलेल्या बायका परत का येत नाहीत, गोव्याला का जातात, हे शोधायला तुम्हीच बोलावलंत ना? कागद वाटताना पहिल्याच बाकावरच्या काकींनी विचारलं, "नाव लिवचा नाय मां?" मी म्हटलं नाही, आणि ते तुमच्यासमोर म्हटलं, तेव्हा तुम्हीही मान हलवलीत. मग दुसऱ्या दिवशी फोन करून "अक्षरावरून कळेल ना मॅडम" असं विचारलंत, ते बरं नाही वाटलं. त्यात कागद भरताना तुमचा सुपरवायझर पाठीमागे उभा, दोनदा सांगितल्यावर बाहेर गेला, तोपर्यंत सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांवरच खुणा करत होत्या, मग ते कागद बाजूला ठेवून परत नवीन भरून घेतले, त्याचे पैसे काही लावले नाहीत मी.

अमेरिकेत हॉथॉर्नच्या कारखान्यात 1928 पासून 20 हजारांहून जास्त कामगारांशी बोलले होते, तेही नाव बाहेर जाणार नाही असं सांगूनच. भीती असली की माणूस "सगळं छान आहे" म्हणतो आणि पुढच्या महिन्यात काम सोडतो. आणि बोरम्याचा (काजूगर वाळवायच्या भट्टीवरच्या कामगारांचा) वेगळा तक्ता मागत होतात, पण तिथे माणसंच चार! पाचाच्या खाली असतील तर आम्ही वेगळा आकडा देतच नाही, चौघांत कोण नाराज ते शेंबडं पोर पण ओळखेल. याला तुम्ही अर्धवट म्हणता.

आत काय निघालं ते इथे लिहिणार नाही, तुमचंही गुपित आहेच की. फक्त पान 4 परत एकदा निवांत वाचा, पगारवाढ न करता होण्यासारखं बरंच आहे त्यात.

यापुढे नावं मिळणार नाहीत हे आधीच लेखी देऊ, रिपोर्टची भाषा पण जरा सोपी करायचं बघतो.

आणि 18 हजार "घेतले" नाहीत हो दादा, अॅडव्हान्स 10 आलाय, 8 यायचे आहेत. सवडीने द्या, पण रिव्ह्यूत तेवढं दुरुस्त करा.