तलवारीच्या पाठीवरचा नंबर

इंग्लंडमधल्या ब्रायटनजवळच्या एका जुन्या बाजारात गेल्या महिन्यात एक तलवार हातात घेऊन पाहिली. ब्रिटिश पायदळातल्या अधिकाऱ्याची, १८९७च्या नमुन्याची. सरळ, अरुंद पातं, वार करण्यापेक्षा भोसकायला बनवलेलं. मुठीला माशाचं खरखरीत कातडं आणि वर चांदीची तार, बोटं झाकणाऱ्या पोलादी कवचावर पाचव्या जॉर्जची मुद्रा. किंमत साडेपाचशे पौंड. दुकानदाराने ती उलटी केली, मुठीजवळ पात्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हा नंबर बघा. यावरून मालक सापडतो."

तलवार विल्किन्सनची. आपल्याला हे नाव दाढीच्या पात्यांमुळे माहीत. ही कंपनी १८५०च्या दशकापासून आपल्या चांगल्या पात्यांवर क्रमांक ठोकायची आणि पातं कधी तपासलं, कोणी घेतलं ते वहीत लिहून ठेवायची. त्या काळी अधिकारी तलवार स्वतःच्या पैशाने घ्यायचा, त्यामुळे ही वही मुळात गिऱ्हाइकांची. इतिहासाची सोय व्हावी असं कोणाच्या मनातही नसणार. पण वह्या टिकल्या आणि आज कोणाही हौशी माणसाला नंबरावरून नाव, नावावरून पलटण आणि पलटणीवरून रणांगण शोधता येतं. या तलवारीचा मालक १९१४ साली कमिशन मिळालेला एक कोवळा लेफ्टनंट होता. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेला, जिवंत परतला. दुकानदाराने हे सगळं एका कार्डावर टाईप करून तलवारीला दोऱ्याने बांधलं होतं.

मेसोपोटेमिया म्हटल्यावर मी थबकलो. माझ्या आजोबांचे चुलते त्याच लढाईत गेले. घरात त्यांच्याबद्दल एकच वाक्य होतं, "ते बसऱ्याला राहिले." पलटण कोणती, साल कोणतं, कुणालाच ठाऊक नाही. फोटो तर नाहीच.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तलवारींवरून पूर्वीच रणधुमाळी झालेली आहे. एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात राज्य सरकारने 'सेनासाहेबसुभा' हा किताब असलेल्या नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली, तेव्हा दादाने गुढी उभारायचीच काय ती बाकी ठेवली होती. उलट पुतण्या म्हणाला, एवढ्या पैशात गावच्या शाळेचं छप्पर झालं असतं. वाघनखं आली तेव्हाही हेच, फक्त बाजू बदललेल्या. मी दादाच्या बाजूचा. नागपूरकरांच्या त्या फिरंगी तलवारीचं पातं युरोपात घडलेलं, मूठ मुल्हेरी घाटाची, आणि पात्यावर देवनागरीत सोन्याने नाव. असं नाव असलेली वस्तू परत आणायला ४७ लाख जास्त नाहीत. छपराचे पैसे छपराच्या खात्यातून मागावेत.

पण इथे शेजारी बंगाली आहेत. त्यांना बातमी उत्साहाने सांगितली, तर वहिनी नुसत्या हसल्या. त्यांच्याकडे बाळाला झोपवताना अजून 'बर्गी' येतात. रघुजींच्या फौजा १७४०च्या दशकात वर्षामागून वर्ष बंगालवर गेल्या, त्याची ती आठवण. बर्गी म्हणजे आपला बारगीर. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, बारगिराला दोन्ही सरकारातून. म्हणजे लुटल्या गेलेल्यांच्या तोंडी राहिला तो बिननावाचा बारगीर. आपल्याकडे तेवढाही राहिला नाही, आपण फक्त सेनासाहेबसुभा ओळखतो.

बाजारातला तो लेफ्टनंट अशा हिशेबाने शिलेदार, आणि माझे चुलतपणजोबा बारगीर. त्यांची रायफल सरकारी. तिच्यावरही नंबर असणार, पण त्या नंबराला कोणी गिऱ्हाईक नव्हतं.

इंग्रजांना सगळं नोंदवून ठेवायची हौस, असं इथे राहून मीही म्हणायला लागलो होतो. ते अर्धंच खरं. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांचीही कोरली, आणि त्याखाली बहुतेक ठिकाणी 'आणि इतर इतके हिंदी सैनिक' एवढ्यावर भागवलं. युद्धस्मशानभूमींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती एप्रिल २०२१मध्ये. आमच्या ब्रायटनबाहेर टेकडीवर पांढरी छत्री आहे. इथल्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना तिथे अग्नी दिला. छत्री १९२१ची, त्या ५३ जणांची नावं दगडावर आली २०१०मध्ये. दर जूनमध्ये तिथे कार्यक्रम असतो. मी बरीच वर्षं जातो, आणि नावं वाचताना आपल्याकडचं एखादं आडनाव दिसतंय का हे उगाच शोधतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या लिलावाला जाणाऱ्या शिष्टमंडळाने येताना एक अभिलेखपालही सोबत आणावा. पंजाबच्या बाबतीत झालं तसं करता येईल. १९१९च्या सुमारास तिथल्या सरकारने गावागावांतून भरती झालेल्यांची रजिस्टरं केली होती. ती ९७ वर्षं लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. इंग्लंडमधली एक पंजाबी वारसा संस्था आणि ग्रिनिच विद्यापीठ यांनी ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी संगणकावर आणायचं काम हाती घेतलं. आता ब्रिटनमधली पंजाबी पोरं आपल्या गावाचं नाव टाकून पणजोबा शोधतात. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीने काय कमी पोरं पाठवली होती? या कामाला मिरवणूक निघणार नाही, हे मात्र खरं.

तलवार मी घेतली नाही. त्या रात्री पुतण्याला मेसेज केला, की गावच्या जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, तिचा फोटो पाठव. 'या गावातून इतके जण महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले' असा इंग्रजी मजकूर असलेली. नावं नाहीत, दोन आकडे. दुसऱ्या दिवशी फोटो आला. दर दिवाळीला भिंतीबरोबर पाटीलाही चुना लागत गेलाय. पुतण्याने किल्लीने खरवडून पाहिलं, तर पहिला आकडा निघाला. दुसरा ७ आहे की १, यावर ग्रुपवर अजून वाद चालू आहे.