एका सभासदाची सोसायटी

माझा ब्लॉग २०१० पासून एका मोफतच्या जागेवर सुखात नांदत होता. वाचक साधारण चाळीस, त्यातले अकरा नातेवाईक. लिहायचं, बटण दाबायचं, झोपायचं. ती जागा कोणाची, तिची घरपट्टी कोण भरतं, हे प्रश्न मला कधी पडले नाहीत. लग्नाच्या पंगतीत बसल्यावर आपण हॉलचं भाडं विचारतो का?

मग दिवाळीत पुतण्या आला. हिंजवडीत नोकरी करतो, त्यामुळे घरातल्या राउटरपासून मिक्सरपर्यंत सगळ्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा. फराळाचं ताट पुढ्यात घेऊन त्याने विचारलं, "काका, तुम्ही अजून फुकटच्या जागेवर लिहिता?" आमच्या लहानपणी लोक "अजून चाळीतच का?" ज्या सुरात विचारायचे, तोच सूर.

"चाललंय की चांगलं."

"चाललंय हो. पण ते तुमचं नाहीये. उद्या बंद झालं तर?" आणि चकलीचा एकेक तुकडा मोडत त्याने निधनवार्ता वाचायला सुरुवात केली. जिओसिटीज, २००९. गुगल रीडर, २०१३. ऑर्कुट, २०१४. ऑर्कुटला बायकोही हळहळली. गुगल प्लस, २०१९. त्याला कोणी हळहळलं नाही.

माझी ती जागा म्हणजे ब्लॉगर. हे ठिकाण १९९९ मध्ये पायरा लॅब्ज नावाच्या छोट्या कंपनीने सुरू केलं, २००३ मध्ये ते गुगलने घेतलं आणि ते अजून हिंडतंय-फिरतंय, हे मला नंतर कळलं. प्रत्येक घराण्यात अशी एक आत्या असतेच. तिचं आता काही खरं नाही असं सगळे वीस वर्षं म्हणत असतात, आणि ती एकेकाच्या तेराव्याला जेवून येते. पण त्या दिवशी हा मुद्दा सुचला नाही. पोटात गोळा आला.

पुतण्याचा सल्ला एका शब्दाचा होता: वर्डप्रेस.

आता वर्डप्रेस दोन आहेत. हे कोणी आधी सांगत नाही. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन कुलकर्णी, आणि पोस्टमन आपण. डॉट कॉमवाले कुलकर्णी २००५ पासून बिऱ्हाडं ठेवतात. झाडलोट त्यांची, पहारा त्यांचा. फुकटात राहायचं असेल तर दारावर पाटी त्यांची आणि भिंतीवर जाहिराती त्यांच्या. डॉट ऑर्गवाल्या कुलकर्ण्यांकडे ब्लॉग चालवायचं नुसतं सॉफ्टवेअर मिळतं, २००३ पासूनचं, पूर्ण मोफत. जागा मात्र तुमची तुम्ही शोधायची. मी आठ दिवस एका कुलकर्ण्यांच्या घराचे नियम वाचून दुसऱ्यांच्या घरात प्लगइन, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या सोयी, शोधत होतो.

मी पेशाने अकाउंट्सवाला. एक्सेल उघडलं, दोन रकाने केले: 'भाड्याचं' आणि 'स्वतःचं'. भाड्याच्या रकान्यात सगळे खर्च शून्य निघाले, तरी मन 'स्वतःचं'कडेच ओढ घेत होतं. डोंबिवलीच्या माणसाला 'ओनरशिप' हा शब्द दाखवला की त्याचा हिशेब बिघडतो. ऑफिसातल्या एका मुलाने तिसरीच वाट सुचवली: डेटाबेस, म्हणजे लेख साठवायची कोठी, ठेवायचाच नाही, जेकिल किंवा ह्यूगोने साधी पानं तयार करायची आणि गिटने वर ढकलायची. "सोप्पं आहे सर, काळ्या खिडकीत चार कमांड." मी त्याला चहा पाजला आणि विषय संपवला.

पत्ता मराठीत असावा ही माझी हौस. देवनागरीत 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं, ते माहीत होतं. पण इंटरनेटच्या पोटात अजून रोमन अक्षरंच पचतात. त्यामुळे आपण हौसेने लिहिलेलं 'भारत' आत जाऊन 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' होतं. काही ठिकाणी चिकटवलं की ते तसंच्या तसं बाहेर येतं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "हा कोणाचा जीएसटी नंबर?" मुकाट्याने डॉट कॉम घेतलं.

वर्डप्रेसची 'पाच मिनिटांत मांडणी' प्रसिद्ध आहे. ते स्वतःच तसं म्हणतात. मी शनिवारी सकाळी दहाला बसलो. रविवारी जेवणाच्या वेळेपर्यंत पडद्यावर एकच वाक्य होतं: डेटाबेसशी संपर्क होऊ शकत नाही. पासवर्डच्या शेवटी एक मोकळी जागा कॉपी झाली होती. पुतण्याने फोनवरच ओळखलं, दोन सेकंदांत. त्या दोन सेकंदांचा मला जास्त राग आला.

आणि मग उघडलं! 'हॅलो वर्ल्ड' नावाचा एक लेख आधीच छापून तयार, खाली एका अनोळखी माणसाची प्रतिक्रियाही. मी त्याला आभाराचं उत्तर लिहिलं. तो लेख आणि ती प्रतिक्रिया प्रत्येक नव्या वर्डप्रेसमध्ये घालूनच देतात, हे मग कळलं.

गृहप्रवेशानंतर लक्षात आलं की आपण घर घेतलेलं नाही, हाऊसिंग सोसायटी काढली आहे. सभासद एक. सेक्रेटरी, खजिनदार, वॉचमन आणि टाकी साफ करणारा, तोच. रोज सकाळी नोटीस बोर्डावर लाल आकडा: सात प्लगइन अद्ययावत करा. केलं की आठवं बंद पडायचं. पहिल्याच रात्री कोणीतरी परदेशातून कुलपाला तीनशे वेळा किल्ल्या लावून गेला होता. माझ्या 'पोह्यांवर लिंबू आधी की नंतर' या लेखावर एका कॅसिनोने 'अत्यंत उपयुक्त माहिती' असा अभिप्राय दिला. तसा तो लेखाला आलेला सर्वांत चांगला अभिप्राय होता, म्हणून दोन दिवस ठेवला.

एक दिवस नाशिकहून मावशीचा फोन. "अरे, तुझ्या पानावर चोर आहेत म्हणतोय मोबाइल. पोलिसांत कळवू का?" सुरक्षिततेचं प्रमाणपत्र संपलं होतं. लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेचं ते प्रमाणपत्र मोफत असतं, पण नव्वद दिवसांचं. आपोआप नूतनीकरण होतं, फक्त त्यासाठी एक खूण करून ठेवावी लागते. ती सेक्रेटरीने केली नव्हती.

पत्त्यांचीही गंमत. जुन्या जागेवर मराठी मथळा पत्त्यात यायचाच नाही. 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा, कैद्याला असतो तसा. इथे मराठी मथळा येतो, पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ चिन्हांचं होतं, काना-मात्रा वेगळ्या मोजून, आणि मर्यादा दोनशेची. 'पावसाळ्यात छत्री विसरण्याचे फायदे' हा माझा लेख जगाच्या दृष्टीने 'पावसाळ्यात-छत्री-विसरण्य' एवढाच आहे.

तशात कोणी माझं लेखन चोरू नये म्हणून मी उजवी क्लिक बंद करणारं एक प्लगइन बसवलं. त्याने मेनूच बंद पडला, म्हणून काढून टाकलं. त्याचे उपकार पुढे येतील.

वर्ष सरलं आणि जागावाल्यांची पावती आली. पहिल्या वर्षी १,९०० रुपये, आता ६,४००. पहिला दर 'स्वागताचा' होता म्हणे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पत्ता वर्षाच्या कराराने, जागा वर्षाच्या कराराने, मोफत मिळालेलं घर तेवढं कायमचं; सातबाऱ्यावर माझं नाव कुठेच नाही! मी चिडून स्वस्तातली दुसरी जागा घेतली, पुतण्याला न विचारता डेटाबेस स्वतः हलवला, आणि नवं पान उघडलंय एवढं बघून जुनी जागा रद्द केली. लेख उघडून बघितला नाही. हा गुन्हा माझा एकट्याचा.

संध्याकाळी उघडला. पानभर प्रश्नचिन्हं.

नव्या डेटाबेसची लिपी मी ठेवली होती लॅटिन. त्याला देवनागरी येत नाही, आणि न येणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी तो प्रामाणिकपणे एक प्रश्नचिन्ह लिहितो. मूळ अक्षर फेकून देतो. पुतण्या म्हणाला, "आता यातून काही निघणार नाही, काका." २०१० पासूनचे लेख फुकटच्या जागेवर शाबूत होते. स्वतःच्या घरात लिहिलेले अकरा लेख गेले.

गेले म्हणजे पूर्ण नाही. स्वल्पविराम राहिले होते. मी इतके स्वल्पविराम घालतो हे मला पहिल्यांदा कळलं. उद्गारचिन्हं तर लाज वाटावी इतकी. मी ते शब्दकोड्यासारखं सोडवायला बसलो. काना-मात्रा-वेलांटीचं प्रश्नचिन्ह वेगळं पडतं, तेव्हा तीन प्रश्नचिन्हं म्हणजे 'आणि', किंवा 'आहे', किंवा 'मला', किंवा 'चहा'. माझ्या लेखनाचा निम्मा भाग एवढ्यातच उलगडला. उरलेला अर्धा हलेना. विशेषतः 'डब्याचं झाकण'. घरात डबे सव्वीस, झाकणं एकतीस, आणि एकही कुणाला बसत नाही, यावरचा तो लेख. माझ्या मते माझा सगळ्यात जमलेला.

तिसऱ्या दिवशी नात्यातल्या ग्रुपवर वहिनीचा फॉरवर्ड. पहाटे पाच चाळीस, आधी दोन गुलाब, मग 'नक्की वाचा'. खाली अख्खं 'डब्याचं झाकण', एकतीसच्या एकतीस झाकणांसह. कोणीतरी माझ्या पानावरून उचललं होतं. शेवटी नाव एका थोर लेखकाचं, ज्यांना जाऊन वीस वर्षं झाली. लेखात ओटीपीचा उल्लेख आहे, ही बाब ग्रुपमधल्या एकोणचाळीस जणांपैकी कोणालाही खटकली नव्हती.

मी थरथरत्या बोटाने तो मजकूर कॉपी केला, फुकटच्या जागेवर जाऊन चिकटवला, बटण दाबलं. मग वहिनीला फोन केला. बाकीचे दहा तिच्याकडे असतील अशी वेडी आशा.

"वहिनी, तो डब्याचा लेख..."

"वाचलात ना?" ती म्हणाली. "किती साधं, किती घरगुती. भाऊजी, तुम्हीही लिहिता ना ते ब्लॉगबिग? एकदा असं काहीतरी लिहून बघा."