सत्ताविसावं ग्राउंड

माझा रूममेट नाशिकचा. तिकडं असताना तो गड करायचा. करायचा म्हणजे चढायचा, फोटो काढायचा, उतरायचा आणि वहीत टिक मारायचा, आणि मग "साल्हेर केलाय का?" असं समोरच्याला अशा आवाजात विचारायचा की आपण जन्मभर नुसतं लाईट बिल भरत बसलोय असं वाटावं. ग्लासगोला आल्यावर त्याला कळलं की इथं तीन हजार फुटांवरचे 282 डोंगर आहेत, त्यांना मुनरो म्हणतात, आणि ते सगळे मोजून करणारी माणसं आहेत. पठ्ठ्याच्या डोळ्यात पाणी आलं. पण चौथ्याच मुनरोवर गुडघा गेला आणि डॉक्टरनं डोंगर बंद केले. पंधरा दिवस सोफ्यावर पडून होता. सोळाव्या दिवशी त्याला ग्राउंडहॉपिंग सापडलं.

म्हणजे काय, तर दर शनिवारी एक नवीन फुटबॉल ग्राउंड गाठायचं, मॅच बघायची, टिक. कोण जिंकलं याच्याशी देणंघेणं नाही. इंग्लंडात लीगची 92 ग्राउंडं करणाऱ्यांचा तर वेगळा क्लबच आहे. स्कॉटलंडच्या लीगमध्ये क्लब 42, पण ह्याचं म्हणणं ते कुणीही करतं, खरी मजा त्याच्या खाली, गावागावातल्या क्लबात. गुडघा गेला तरी खोड नाही गेली.

नियम प्रत्येकाचे आपापले असतात. ह्याचे दोन. एक गोल तरी स्वतःच्या डोळ्यानं दिसला पाहिजे, आणि त्या ग्राउंडवरचा छापील कागद हातात आला पाहिजे. मी म्हटलं, अरे जगातली पहिली अधिकृत इंटरनॅशनल फुटबॉल मॅच 1872 साली ह्याच ग्लासगोत झाली, स्कॉटलंड-इंग्लंड, ती पण क्रिकेटच्या ग्राउंडवर, आणि 0-0 झाली, मग ती झालीच नाही का? तो शांतपणे म्हणाला, "मॅच झाली. बघणाऱ्यांचं ग्राउंड नाही झालं."

आता मी कोल्हापूरचा, मला फुटबॉलचं कौतुक सांगायला नको. पण ह्याच्या सत्ताविसाव्या ग्राउंडला मी सोबत गेलो ते फुटबॉलसाठी नाही, मटणासाठी. हा म्हणाला, हाफटाइमला मटणाचा पाय मिळतो. मला वाटलं पाया. सूप. थंडीत गरम पाया सूप आणि समोर मॅच, अजून काय पाहिजे माणसाला?

पहिल्या शनिवारी गेटपर्यंत पोचलो आणि कळलं की रेफ्रीनं सकाळीच ग्राउंड बघून मॅच रद्द केलीय, पाणी साचलंय. तसेच परत. दुसऱ्या शनिवारी पुन्हा ग्लासगो सेंट्रल, पुन्हा तीच ट्रेन, किल्मार्नॉक मागं टाकून एअरशरच्या आत. क्लबचं नाव नाही सांगत, पण ऑखिनलेकच्या आसपासचं गाव. ऑखिनलेक म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी आपल्याकडं लष्करप्रमुख होते ना, त्यांचं आडनाव तेच.

हे सगळे क्लब पूर्वीपासून 'ज्युनिअर' म्हणून ओळखले जातात, ज्युनिअर कप 1886 पासून आहे. मला वाटलं पोरं खेळणार. मैदानात उतरला तो डिफेंडर पूर्ण टकला, पोट सुटलेला, गुडघ्याला पट्टा. ज्युनिअर म्हणजे वयानं नव्हे, मोठ्या क्लबांच्या खालचे. एवढं साधं मला कुणी आधी सांगितलं नाही.

पाऊस होताच. मी गगनबावड्याचा पाऊस बघितलाय, पण तो वरनं पडतो, तेवढी त्याला रीत आहे. इथला आडवा येतो आणि चष्म्याच्या आतल्या बाजूनं भिजवतो. याला ते ड्रीख म्हणतात. माणसं असतील शे-दीडशे, सगळी रेलिंगला टेकलेली. आपल्या शाहू स्टेडियमवर हजारोंच्या गोंगाटात शिवी विरून जाते, इथं एकेक शिवी स्वच्छ ऐकू जाते, आणि खेळाडू थांबून उत्तर देतो. एका म्हाताऱ्यानं विंगरला काहीतरी ऐकवलं तर विंगर थ्रो-इन राहू दे म्हणून आधी त्याच्याशी भांडला. नंतर कळलं तो त्याचा आजोबा.

हाफटाइमला पाय आला. पाया नव्हे, पाय, इंग्लिशमधला. वाटीच्या आकाराचं कडक कवच, झाकण कडेपेक्षा खाली बसवलेलं, त्या खळग्यात लोक सॉस ओततात, आणि आत खिमा. मसाला म्हणाल तर मिरी, संपलं. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या माणसाला हा अपमान वाटायला पाहिजे होता, पण बोटं इतकी गारठलेली की मी तो आधी पाच मिनिटं नुसता धरून उभा राहिलो. शेजारचे सगळे कपातून काळा रस्सा पीत होते. बोव्हरिल. बीफचा अर्क, गरम पाण्यात. मधे 2004 साली कंपनीनं त्यातलं बीफ काढून टाकलं होतं आणि 2006 ला परत घातलं, म्हणजे माझी वेळ थोडक्यात चुकली. मी चहा घेतला. एक मुलगी रॅफलची तिकिटं विकत फिरत होती, बक्षीस व्हिस्कीची बाटली, तेही एक घेतलं. लागली नाही.

मग तो आजोबा माझ्याकडं वळला. कुठला? कोल्हापूर. तिथं टीम आहे का? मी म्हटलं एक? आणि सुटलोच. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, तालमींच्या टीमा, हाकेच्या अंतरावरच्या पेठा आणि मॅचच्या दिवशी एकमेकांची तोंडं बघत नाहीत. माझं इंग्लिश त्याला किती कळलं आणि त्याचं मला किती, देव जाणे, पण हे त्याला पटकन कळलं. म्हणाला, ऑखिनलेक आणि कमनॉक, मधे दोन मैल. इथले क्लब सगळे खाणकामगारांनी उभे केलेले. इथूनच जवळच्या ग्लेनबकचा बिल शँक्ली, पुढं लिव्हरपूल क्लब घडवणारा मॅनेजर. त्या गावाच्या खाणी गेल्या, गावही गेलं. 2019 ला ऑखिनलेकच्या टाल्बट क्लबनं स्कॉटिश कपात वरच्या लीगमधल्या एअर युनायटेडला 1-0 हरवलं ते त्यानं असं सांगितलं जसं आमच्याकडं खासबागेतली कुस्ती सांगतात, हातवारे करून, माझा चहा सांडून.

इकडं आमचा नाशिककर गायब. क्लबकडं छापील प्रोग्राम नव्हता, भिंतीवर क्यूआर कोड होता. ह्याला कागद पाहिजे. हा क्लबहाउसच्या खिडकीशी जाऊन उभा, आणि आतल्या बाईला दया येऊन तिनं प्रिंटर सुरू केला. 71 वं मिनिट. टकल्यानं जिवाच्या आकांतानं बॉल लांब मारला, तो त्यांच्याच स्ट्रायकरच्या पाठीवर आपटला आणि गोलकीपर चिखलात बसलेला असताना सावकाश, टपाल टाकल्यासारखा आत गेला. आजोबानं मला मिठी मारली. उरलेला पाय माझ्या जॅकेटवर.

नाशिककर पळत आला. हातात कागद, अजून गरम.

पुढची वीस मिनिटं त्यानं दोन्ही टीमना चिअर केलं. कुणीही मारा, पण मारा. दीडशे माणसांत हे लपत नाही, दोन्हीकडचे लोक बघायला लागले. मॅच संपली 1-0.

स्टेशनवर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "कसा होता?" मी सांगितला, हातवारे करून. म्हणाला, "पुढच्या वेळी परत यायला लागणार." मी म्हटलं तू ये भावा, माझं ते ग्राउंड झालंय.

"तुझ्याकडं छापील कागद कुठाय?"

मी खिशातनं रॅफलचं तिकीट काढलं. गुलाबी, ओलं, नंबर 83, छापील. त्यानं ते ट्रेनच्या उजेडात उलटंपालटं करून बघितलं, आणि किल्मार्नॉक येईपर्यंत काही बोलला नाही.