‘गारपीट-प्रूफ म्हणून पत्रा गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की आम्ही गारपिटीला काही होत नाही म्हणून महागाचा कलर पत्रा दिला, आणि पहिल्याच वळवात त्याला खड्डे पडले, मागच्या खोलीत पाणी आलं, शेजारच्यांच्या स्वस्तातल्या पत्र्यालाही तेवढेच खड्डे आहेत म्हणजे जादाचे पैसे पाण्यात गेले. राग येणार, नवीन घरावर असं झाल्यावर कुणालाही येईल. पण एक स्टार देताना काही गोष्टी लिहायच्या राहिल्यात, आणि गारा पडल्यापासून रोज कोण ना कोण दुकानात येऊन हेच विचारतंय, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितो.

पहिलं म्हणजे तुमचा फोन आल्यावर आम्ही घरी येऊन गेलोय. भर दुपारी खोलीची दारं-खिडक्या लावून, लाईट बंद करून खालनं वर बघितलं, तुम्ही शेजारीच उभे होता. पत्र्यात बारीक भोक जरी असतं तरी उन्हाचा ठिपका दिसला असता, खड्ड्यांच्या जागी एकपण दिसला नाही. मग वर चढून मोठ्या मोठ्या खड्ड्यांभोवती खडूनं गोल केले आणि कडेनं नख फिरवून बघितलं, रंग सुटलाय का, चीर गेलीय का. कुठंही नाही. म्हणजे पत्रा चेमटलाय पण फाटलेला नाही, आणि ‘पत्र्याची चाळण झाली’ हे जे लिहिलंय ते बरोबर नाही दादा.

तुम्ही पत्रा घ्यायला आला तेव्हापण हेच बोललो होतो, की लिंबाएवढी गार पडली तर कुठलाही पातळ पत्रा चेमटणार, फक्त चांगला पत्रा फुटत नाही, गळत नाही. गारेचं गणित वाईट असतं. गार आकारानं दुप्पट झाली की तिचा मार दुप्पट नाही, जवळजवळ सोळापट होतो, कारण वजन आठपट वाढतं आणि वरनं वेगपण जास्त येतो. इंचभर गार ताशी ८० किलोमीटरच्या आसपास येऊन आदळते, दोन इंची ११० च्या पुढं. त्यामुळं हरभऱ्याएवढ्या गारांत ज्या पत्र्याला काही झालं नाही त्याच पत्र्याचं लिंबाएवढ्या गारांत काय झालं म्हणून विचारण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत छपराच्या मालाला गारेसाठी क्लास देतात, १ ते ४, यूएल २२१८ म्हणून टेस्ट आहे. त्यातल्या सगळ्यात वरच्या क्लास ४ ला दोन इंची लोखंडी गोळा, अर्धा किलोच्या वर वजन, वीस फुटावरनं एकाच जागी दोनदा सोडतात आणि मग बघतात चीर गेली का, फाटलं का. नुसता खड्डा पडला तर तो माल पास धरतात! तिकडच्या काही विमा कंपन्या तर नुसत्या खड्ड्यांचे पैसे मिळणार नाहीत असं कलमच घालतात. आपल्याकडं घराच्या पत्र्यावर असला क्लास छापून येत नाही, कोण तोंडी सांगत असेल तर त्याला टेस्ट सर्टिफिकेट मागा.

आता पाणी कुठनं आलं. दोन जागा सापडल्या आणि दोन्ही तुम्हाला दाखवल्यात. एक, उजेडासाठी मधे टाकलेला पारदर्शक फायबरचा पत्रा. तो आमच्याकडचा नाही, जुन्या शेडचा काढून परत वापरलाय. उन्हानं त्यातले धागे वर आलेत, हाताला कुसळासारखे टोचतात, त्यात आता जीव राहिलेला नाही, गार पडल्यावर तो तडकणारच होता. दुसरी जागा मागच्या भिंतीकडची पन्हाळ. तिच्यात गारा आणि आंब्याचा पाला साचून तोंड बुजलं, पाणी उलटं फिरून पत्र्याच्या टोकाखालनं आत आलं. त्यात मिस्त्रीनं त्या बाजूला स्क्रू वरच्या उभारावर मारायचे सोडून खालच्या सपाट भागात मारलेत, जिथनं पाणी वाहतं तिथंच, आणि मशीन जास्त फिरवल्यामुळं रबरी वॉशर चेपून बाहेर आलेत, दोन-तीन तर फाटलेत. फिटिंग तुमच्या मिस्त्रीचं होतं, आमच्या बिलात फक्त माल आहे. मिस्त्रीला नावं ठेवायची नाहीत मला, घाईच्या सीझनमधे असं होतं, पण ते पाणी पत्र्यातनं आलेलं नाही एवढं मात्र नक्की.

शेजारच्यांच्या पत्र्याचं म्हणाल तर खालनं बघितल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मान्य. त्यांनीच शिडी लावून दिली म्हणून तोपण जवळनं बघितला. त्यांच्या खड्ड्यांच्या कडेला रंगाला बारीक चिरा गेल्यात, दोन-तीन पावसाळ्यांत तिथनं गंज उठायला लागेल. तुमच्या पत्र्याला त्या चिरा नाहीत, जादाचे पैसे तिथं गेलेत.

तुमच्या कोटेशनवर लिहिलंय ०.५० टीसीटी, ५५० एमपीए, एझेड १५०. टीसीटी म्हणजे रंग आणि कोटिंग धरून जाडी, आतलं लोखंड त्यापेक्षा कमीच असतं, ०.४३-०.४५ च्या आसपास, त्याला बीएमटी म्हणतात. दोन दुकानांचे दर लावताना एकाचा टीसीटी आणि दुसऱ्याचा बीएमटी लावला की सगळा हिशोब चुकतो, आणि लोक नेमकं तेच करतात. ५५० एमपीए म्हणजे लोखंडाची मजबुती, कायमचं वाकायला किती जोर लागतो ते, ती जास्त असली की तेवढ्याच जाडीत खड्डा कमी पडतो. एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम ॲल्युमिनियम-जस्ताचं कोटिंग. मायक्रोमीटर काउंटरवरच ठेवलेला असतो, कुणीपण येऊन कडेला लावून बघा, बीएमटीसाठी कोपऱ्यातला रंग-कोटिंग घासून काढावं लागतं, तेपण करून दाखवतो.

ज्यांना आता नवीन छप्पर करायचंय त्यांनी आमच्याकडं या किंवा नका येऊ, पण एवढं ऐका. स्लॅब परवडत असेल तर गारेसाठी स्लॅबच, त्याला तोड नाही. मंगलोरी कौल मोठ्या गारेत फुटतं पण चार कौलं बदलली की काम झालं, फक्त जादाची कौलं माळ्यावर ठेवा, नंतर त्याच मापाची मिळत नाहीत. जुना सिमेंट पत्रा सगळ्यात धोक्याचा, वर्षं गेली की ठिसूळ होतो, आणि बहुतेक जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, फुटलेले तुकडे झाडूनं कोरडे झाडू नका, करवत तर अजिबात लावू नका, तोंड बांधून पाणी मारून उचला. खड्डाच दिसायला नको असेल तर खडीचा थर दिलेली मेटलची कौलं येतात, दिसत नाही पटकन, पण खिशाला लई जड पडतात, साध्या घराला मी स्वतःहून सुचवत नाही.

उजेडासाठी पॉलीकार्बोनेट घ्या, फायबर नको. आणि बसवताना वरच्या प्लॅस्टिक फिल्मवर छापलेली यूव्हीची बाजू, म्हणजे उन्हाचा मार अडवणारी, आभाळाकडंच ठेवा. उलटा बसला तर काही वर्षांत पिवळा पडून कुरकुरीत होतो आणि मग बोराएवढी गारपण त्याला पुरते. बसवून झाल्यावर फिल्म लगेच काढायची, ‘राहू दे, नवा दिसतोय’ म्हणून ठेवणारे गिऱ्हाईक बघितलेत मी, नंतर ती चिकटून बसते ती निघतच नाही.

वॉरंटीबद्दल विचारलंय. कंपनीची वॉरंटी गंजून भोक पडण्याची आणि रंगाची असते, गारेचा मार त्यात धरत नाहीत, कार्डावर आहे आणि कार्ड बिलासोबत दिलंय. घराचा विमा असेल तर तिकडं लगेच कळवा, १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा म्हणून एकसारखी पॉलिसी आलीय, त्यात वादळाचं नुकसान धरतात. गारांचं नीट विचारून लेखी घ्या, आणि खडूचे गोल पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा.

पत्रा बदलून द्या म्हणताय, ते होणार नाही दादा, पत्र्यात दोष नाही. पण मागच्या बाजूचे सगळे स्क्रू आणि वॉशर मी दुकानातनं देतो, त्याचे पैसे नकोत. तुमच्या मिस्त्रीला मृगाच्या आधी बोलवा, जुनी भोकं सिलंटनं बंद करून स्क्रू उभारावर घ्यायला सांगा, वाटल्यास आमचा माणूस तेवढा वेळ उभा राहील. पन्हाळीला जाळी लावून घ्या. पारदर्शक पत्रा मात्र विकतच घ्यावा लागेल, आणि तो न्यायला येताना जुन्याचा एक आडवा तुकडा कापून आणा, उभार जुळायला पाहिजेत, नुसत्या फुटाच्या मापावर दिला तर परत तिथनंच गळेल.