दत्तकासाठी प्रार्थना करताय? मग वहीसुद्धा उघडा

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मूल नसलेल्या जोडप्यासाठी प्रार्थना पुष्कळ होतात. त्याच जोडप्यावर उपचारांचं कर्ज किती आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. अनेक घरांत दत्तकाचा विषय निघतो तो आयव्हीएफच्या दोन-तीन खेपा फसल्यावर, म्हणजे नेमके हप्ते चालू असताना. मग मनात येतं, मूलही नाही आणि हातातला पैसाही गेला, म्हणजे देवाच्या मनातच नसेल का?

बँकेतल्या शिलकीवरून देवाची इच्छा वाचू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि "प्रभू पुरवील" म्हणत हिशोब टाळणं हाही विश्वास नव्हे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे लूकच्या १४व्या अध्यायात प्रभूनेच सांगितलंय.

आधी कायद्याचं, कारण पैसा सर्वांत जास्त इथेच वाया जातो. हिंदू दत्तक कायदा, १९५६ आपल्याला लागू नाही. पूर्वी १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली ख्रिस्ती आईबापांना फक्त पालकत्व मिळायचं, तेही मूल सज्ञान होईपर्यंत. आता बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे दत्तक मूल वारसाहक्कासकट आपलंच असतं आणि २०२१च्या दुरुस्तीपासून आदेश जिल्हाधिकारी देतात. त्यामुळे नोटरीसमोर स्टॅम्पपेपरवर केलेल्या दत्तकपत्राचा ख्रिस्ती घराला काही उपयोग नाही. भावाबहिणीचं मूल घ्यायचं असलं तरी 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या, पोर्टलवरूनच जावं लागतं.

"एका मुलीला बाळ नकोय, दवाखान्याचा खर्च तेवढा द्या" असा निरोप प्रार्थनासभेच्या ओळखीतून आला, तर त्याला प्रार्थनेचं उत्तर समजू नका. पैसे देऊन मूल घेणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८१चा गुन्हा आहे: ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड. कर्ज काढून हा रस्ता धरला तर पैसा जाईलच, आणि आदेश नसल्यामुळे मूलही हातून जाऊ शकतं.

कायदेशीर वाटेचा खर्च हजारांत आहे, लाखांत नाही. गृहभेट अहवाल, दत्तक संस्थेचा बालसंगोपन निधी आणि नंतरच्या भेटी यांचे दर ठरलेले आहेत. ताजे आकडे पोर्टलवर पाहा. पावती मागून घ्या. त्यावर "देणगी" म्हणून कोणी काही मागितलं तर देऊ नका, संस्थेला ती घेता येत नाही.

आता सर्वांत मोठी भीती: "आमच्या पगारात मूल देतील का?" त्याच कायद्याचं कलम ५७ आर्थिकदृष्ट्या सक्षम असावं एवढंच म्हणतं, पगाराचा आकडा त्यात नाही. गृहभेटीला येणारे समाजसेवक उत्पन्न नियमित आहे का, हप्ते जाऊन हातात किती उरतं, आई किंवा बाबा कामावर गेल्यावर बाळाला कोण बघणार, हे पाहतात. कर्ज आहे म्हणून काम अडतंच असं नाही. कर्ज लपवलं आणि ते कागदांत सापडलं, की मग अडतं. उत्पन्नाचा पुरावा, पॅन, विवाह प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला हे नोंदणीनंतर ३० दिवसांत अपलोड करायचं असतं. चर्चमधलं लग्न असेल तर दाखल्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळतंय का, ते आधीच बघा. डिसोझा-डिसूजा एवढ्या फरकानेही कागद परत येऊ शकतो.

मग येते वाट पाहणं. लहान, निरोगी बाळासाठी ३ वर्षं आणि त्याहूनही जास्त. लोक इथे खचतात. मला मात्र हा काळ बायबलमधल्या योसेफाच्या सात सुकाळाच्या वर्षांसारखा वाटतो. पुढच्या दुष्काळासाठी त्याने पिकाचा पाचवा हिस्सा साठवला आणि त्याला कोणी अविश्वासू म्हटलं नाही. महिना ५,००० रुपयांची आवर्ती ठेव ३६ महिन्यांत व्याज सोडून १,८०,००० होते. त्याआधी क्रेडिट कार्डाची थकबाकी संपवा, मग उपचारांचं कर्ज. मधे नोकरी गेली तर संस्थेला लगेच कळवा, गप्प राहू नका.

हा साठा कशाला लागतो? बाळ घरी आल्यावर पावडरच्या दुधाला. १०० मिलि दुधाला साधारण १३-१४ ग्रॅम पावडर लागते, म्हणजे ४०० ग्रॅमच्या डब्यातून तीनेक लिटर निघतं. चार-पाच महिन्यांचं बाळ रोज पाऊण लिटर प्यायलं तर डबा चार दिवसांत संपतो, महिन्याला सात-आठ. पैसे वाचवायला पावडर पातळ करणं ही घातक चूक आहे, बाळाचं वजनच वाढत नाही. शिवाय आईला बिनपगारी रजा घ्यावी लागली तर त्यासाठी. कंपनीचं धोरण लेखी विचारून ठेवा, आणि विमा कंपनीलाही विचारा, बाळ पॉलिसीत कोणत्या कागदावर घेणार. राष्ट्रीय वेळापत्रकातल्या लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात, तिथे खर्च करू नका.

दशमांशाबद्दल, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देण्याबद्दल, विचारलं जातं म्हणून लिहितो. कर्जात असताना काय द्यायचं ते पतीपत्नीने प्रार्थनेत ठरवावं आणि पाळकांशी मोकळेपणाने बोलावं. पण "एवढं बीज पेरा, बाळ मिळेल" असं सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. देवाच्या वरदानाला भाव लावणं हे शिमोन जादूगाराचं काम, आणि पेत्राने त्याला काय सुनावलं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या ८व्या अध्यायात आहे.

केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या शेकडो मुली सांभाळल्या. गुडघ्यांवर प्रार्थना होत होती, आणि शेजारी विहिरी, शेती, विणकाम, छापखानाही चालू होता. हे दोन्ही एकाच विश्वासातून आलं.

मंडळीला खरंच हातभार लावायचा असेल तर मोठा कार्यक्रम नको. भगिनी मंडळातल्या आठ घरांनी महिन्याला एकेक डबा पोहोचवला तरी दुधाचा प्रश्न सुटतो. बाळाला रविवारी पुढे उभं करून "हे कुठून आलं" अशी साक्ष मात्र मागू नका. त्याची गोष्ट त्याची आहे. मोठं झाल्यावर सांगायची की नाही ते तोच ठरवेल. बाप्तिस्मा किंवा समर्पणही जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हाती आल्यावरच करा, म्हणजे नोंदवहीत आईबाप म्हणून तुमचंच नाव पहिल्यापासून लागेल.