आम्हाला एक हवालदार हवा

कॅनडातल्या युकॉन नदीवर व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी कॅनू वल्हवत जायचं, असं आमचं ठरलंय. सातशेहून जास्त किलोमीटर, रात्री काठावर तंबू. ठरलंय म्हणजे एवढंच ठरलंय. बाकी बैठका चालू आहेत.

१८९६ साली डॉसन सिटीजवळच्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं आणि याच पाण्यावरून हजारोंची झुंबड गेली. तिकडे जाऊन माणसं उपाशी मरू नयेत म्हणून कॅनडाच्या माउंटेड, म्हणजे घोडेस्वार, पोलिसांनी नियम केला: वर्षभराचा शिधा दाखवा, तरच कॅनडात पाऊल टाका. तंबू-अवजारं धरून माणशी जवळजवळ एक टन ओझं! त्या वेळच्या याद्यांत नुसतं पीठच ४०० पौंड दिसतं. तिकडे जाणाऱ्या डोंगरवाटेवरच्या चिलकूट खिंडीत हे सगळं पाठीवरून चढवायला एकेकाला तीस-चाळीस खेपा पडत. हे वाचून आम्ही सगळे हळहळलो. मग आमची यादी झाली.

घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांसमोर टेबल, टेबलावर दिवा. जून महिन्यात तिथे रात्री धड अंधारही पडत नाही, हे मी सांगून पाहिलं. "असू दे गं, ओझं नदी वाहणार आहे, आपण नाही," हे भाऊजींचं तत्त्वज्ञान. होडी बुडते तेव्हा तीही नदीच वाहून नेते, पण तो मुद्दा बैठकीत घेतला गेला नाही. सामान कमी करायला लावणारा एखादा हवालदार आज तिथे हवा होता.

अस्वलांमुळे तर यादी आणखी फुगली. वास येणारी प्रत्येक वस्तू घट्ट झाकणाच्या पिंपात भरून तंबूपासून लांब ठेवायची, टूथपेस्टसुद्धा. वहिनींनी क्रीम, लोशन, शॅम्पू काढून मांडले आणि शिध्याला जागाच उरली नाही. आता दोन पिंपं आहेत. अस्वलावर मारायचा फवारा विमानात नेता येत नाही, तो तिथेच घ्यायचा. त्याची रंगीत तालीम करू, असं भाऊजी म्हणतात तेव्हा मी विषय बदलते.

वाटेतलं लबार्ज सरोवर आम्ही पाच मिनिटांत उरकलं: पन्नासेक किलोमीटर, वारा उठला की लाटा, काठ सोडायचा नाही. अडलं ते फाइव्ह फिंगर रॅपिड्स या खळाळत्या पाण्याच्या टप्प्यापाशी. तिथे खडकांच्या बेटांमुळे नदीचे पाच फाटे होतात आणि उजवा धरायचा असतो. आमच्यातल्या दोघांना उजवं-डावं हात हलवून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि हातात तर वल्हं असणार.

तेव्हा मी वाचून दाखवलं की १८९८ मध्ये याच नदीवरच्या माइल्स कॅन्यन या अरुंद घळीपाशी सॅम स्टील या पोलीस अधिकाऱ्याने हुकूम काढला होता: नाव जाणत्या नावाड्यानेच न्यायची, बायका-मुलांनी काठाने चालत जायचं. वहिनींनी लगेच विचारलं, हा नियम अजून आहे का? माझा नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मुलं म्हणजे किती वयापर्यंत?"