स्टँडअप की हजेरी?

"काल त्याच तिकिटावर होतो, आजही तेच, ब्लॉकर काही नाही."

आमच्या सॉफ्टवेअर टीममधल्या एका मुलाने स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, हे वाक्य (तिकीट म्हणजे नेमून दिलेलं एक काम, ब्लॉकर म्हणजे अडथळा) सोमवार ते गुरुवार रोज म्हटलं आणि मी, टीम लीड, रोज मान डोलावली. शुक्रवारी कळलं की त्याला टेस्ट सर्व्हरचा अ‍ॅक्सेसच मिळाला नव्हता. रिक्वेस्ट टाकून बिचारा वाट बघत बसला होता. आणि अ‍ॅक्सेस जिच्या हातात, ती त्याच कॉलवर रोज त्याच्या आधी बोलत होती!

"अरे, मग बोलला का नाहीस?" विचारलं. म्हणाला, "सर, सगळ्यांसमोर अडलोय म्हणायचं म्हणजे..." पुढचं बोललाच नाही.

दोष माझाच. आम्ही स्टँडअप म्हणत होतो ती चक्क हजेरी होती. एकेक जण मला रिपोर्ट द्यायचा, बाकीचे म्यूटवर मेल उरकायचे. नऊ माणसं, अर्धा तास. म्हणजे रोजचे साडेचार तास फक्त "मी काम करतोय" हे सिद्ध करण्यात.

स्क्रम ही टीमने काम करायची पद्धत, तिची अधिकृत पुस्तिका म्हणजे स्क्रम गाइड. ते पुन्हा उघडून वाचलं. छोटंसं आहे, पण स्क्रमच्या नावाने दिवसभर बोलणारे आपण ते वाचतो कुठे? डेली स्क्रम (आपण जिला स्टँडअप म्हणतो ती) ही डेव्हलपर्सची, 15 मिनिटांची मीटिंग, असं त्यात सरळ लिहिलंय. मॅनेजरला खबर देण्याची सोय, असं कुठेही नाही. आणि काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न 2020 च्या आवृत्तीतून काढूनच टाकलेत. आपण मात्र अजून पाढे म्हटल्यासारखे तेच म्हणतोय.

मग आम्ही माणसांचा नंबर लावणं बंद केलं. स्क्रीनवर कामांचा बोर्ड उघडायचा (एक कार्ड म्हणजे एक काम, जसजसं पुढे जातं तसतसं ते उजवीकडे सरकतं) आणि उजवीकडून सुरुवात करायची, म्हणजे जे काम संपत आलंय ते आधी. प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न: हे पुढे सरकायला काय हवंय? "तू काय केलंस" विचारलं की माणूस बचावात जातो. "कार्ड का अडलंय" विचारलं की तोच माणूस मोकळेपणाने बोलतो. पहिल्याच आठवड्यात रिव्ह्यूच्या रांगेत पाच कार्डं धूळ खात पडलेली दिसली. सगळे नवीन काम उचलण्यात दंग, दुसऱ्याचा कोड बघायला कोणी रिकामं नाही. माणसामागून माणूस ऐकताना हे आम्हाला कधी दिसलंच नव्हतं.

दोघांचीच चर्चा सुरू झाली की कोणीतरी "नंतर" म्हणतं. ते दोघं कॉलवर थांबतात, बाकीचे सुटतात. मी शक्यतो गप्प बसतो. पहिले दोन दिवस इतकी शांतता होती की कॉल तुटला असं वाटलं. नुसतं स्टेटस हवं असेल तर ते चॅटवर लिहा, त्यासाठी नऊ जणांना गोळा करू नका, हे माझं ठाम मत.

आता पंधरा मिनिटांच्या आत उरकतं. रोज नाही. आमचे एक सीनिअर आहेत, कुठल्याही कार्डावर "फक्त एकच मुद्दा" म्हणून सुरू करतात आणि सहा मिनिटं बोलतात. त्यांना "नंतर" म्हणायची हिंमत अजून कोणाचीच झालेली नाही. माझीही.